जुन्या गाडीच्या टाकीचं झाकण आणायला निघण्याआधी

टाकीचं झाकण हरवलं, चोरीला गेलं किंवा गंजून गेलं, की आपण लगेच माप घ्यायला बसतो. माप घ्यायचंच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बघून ठेवा: तुमच्या गाडीची टाकी हवा कुठून घेते? पंप जेवढं पेट्रोल ओढतो तेवढी हवा टाकीत यावीच लागते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके देत येतं, ते याच कारणाने. जुन्या गाड्यांत हे दुसरं भोक बहुतेक वेळा झाकणातच असतं, आणि दुकानातल्या नव्या झाकणात ते असेलच असं नाही.

हवा कोंडली की गाडी सुरुवातीला मस्त पळते, मग घाटात झटके मारायला लागते आणि बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, फिल्टर बदलतो, पंपाचा डायफ्राम बदलतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. म्हणून खर्च करण्याआधी ही खात्री करून घ्या: गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर दोष तिथेच आहे. आवाज आला नाही तर उन्हाने पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाली असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तो वेगळा विषय. फार दिवस दुर्लक्ष केलं तर पत्र्याची टाकी आत ओढली जाऊन चेपते, आणि मग काटाही खोटं बोलायला लागतो.

आता गाडीखाली बघा. टाकीच्या वरच्या अंगाला पेट्रोलच्या पाइपाखेरीज आणखी एखादी बारीक नळी निघते का? ती उघड्यावर संपत असेल तर टाकीला स्वतःचा ब्रीदर, म्हणजे श्वास घ्यायची वाट, आहे आणि बंद झाकण चालेल. फक्त नळी चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजलेली नाही ना, ते तारेने बघून घ्या. नळी नसेल तर झाकण हवेचंच, म्हणजे भोक असलेलंच, हवं. ती नळी बॉनेटखालच्या काळ्या डब्याकडे जात असेल, तर त्या डब्यात कोळसा असतो आणि तो टाकीतली वाफ धरून ठेवतो. अशा गाडीला साधं भोकाचं झाकण लावायचं नाही, सगळी व्यवस्थाच निकामी होते.

अमेरिकन गाडी असेल तर सालावरून बराच उलगडा होतो. ही वाफ अडवण्याची सक्ती कॅलिफोर्नियात 1970च्या मॉडेलांपासून आणि उरलेल्या अमेरिकेत 1971पासून आली. म्हणजे 1966च्या मस्टँगला, जिचं झाकण मागे दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये मिरवतं, हवेचं झाकण. आणि 1971च्या मस्टँगला बंद, आत झडपा असलेलं. दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ. आपल्या कुर्ल्याच्या पद्मिनीचं आणि उत्तरपाऱ्याच्या अँबॅसडरचं मूळ त्याच्याही आधीच्या युरोपीय गाड्यांत आहे, त्यामुळे जुन्या मॉडेलांत कोळशाचा डबा शोधत बसू नका. पण इतक्या वर्षांत कुणी टाकी बदलली असेल, कुणी दुसऱ्याच गाडीची बसवली असेल. पुस्तकापेक्षा खाली वाकून बघितलेलं खरं.

एवढं करूनही संशय उरला आणि गाडी 1970च्या आधीची असेल, तर हवेचं झाकण घ्या. थोडा वास येईल, पण गाडी घरी पोचेल.

बाजारात जाताना जुनं झाकण, तुटकं असलं तरी, सोबत न्या. व्हर्नियर कॅलिपरने पेट्रोल भरायच्या नळीच्या तोंडाचा आतला आणि बाहेरचा व्यास मोजा. झाकण आट्यांचं आहे की पाव फेरा देऊन बसणारं, ते लिहून ठेवा. पाव फेऱ्याचं असेल तर आणखी एक माप लागतं, आणि ते हमखास राहून जातं: नळीच्या काठापासून, झाकण ज्यांत अडकतं त्या आतल्या कानांची खोली. खोली जुळली नाही तर झाकण फिरतं, अडकतं, बसल्यासारखं वाटतं, पण वॉशर दाबलाच जात नाही. मग डावं वळण घेतलं की पेट्रोल उजव्या अंगाने ओघळतं आणि रंगाची वाट लागते. फोटोही काढून ठेवा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोबाइल पुढे केला की बोलणं निम्म्यावर येतं. तिथे कुणी रेडिएटरचं झाकण पुढे करेल, ‘बसतं हो साहेब’ म्हणेल. बसत असलं तरी नको. ते दाब धरायला बनवलेलं असतं.

चावीच्या झाकणाचा मोह आपल्याकडे जुना आहे, आणि पेट्रोलचे भाव बघता तो कळतोही. मात्र त्यात हवेची वाट कुलपाच्या बाजूनेच काढलेली असू शकते आणि ती धुळीने चोंदते. जुन्या झाकणाला नवं क्रोम चढवून आणलं असेल तर सुईएवढं भोक मुलाम्याने बुजलं नाही ना, हेही बघा. गॅरेजात कुणी खिळा ठोकून नवं भोक पाडायला निघाला तर हात धरा. त्या भोकातून पावसाचं पाणी आत येतं आणि खड्ड्यात पेट्रोल बाहेर उडतं.

वॉशरकडे हल्ली जास्त लक्ष द्यावं लागतं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (त्यातलं काही आपल्याच उसाचं). जुन्या कॉर्कला आणि साध्या रबराला ते मानवत नाही. फुगतं, चिकट होतं, नाहीतर तडकतं. शक्यतो व्हिटॉनचा, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या खास रबराचा, वॉशर मागा आणि एक जास्तीचा घेऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. पावसाळ्यात हे दुपटीने महत्त्वाचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो.

नवं झाकण लावल्यावर टाकी काठोकाठ भरू नका. 40 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं की पाऊण लिटरच्या आसपास फुगतं, आणि मे महिन्यात जमिनीखालच्या टाकीतून आलेलं थंड पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज तापतं. पाऊण टाकीवर तासभर गाडी पळवा, थांबून झाकण उघडा, आवाज ऐका. मग झाकणाची बाजू खाली येईल अशी गाडी उतारावर लावून वॉशरभोवती कोरडा कागद फिरवा. सकाळी गॅरेजचं दार उघडताना पेट्रोलचा वास भपकन आला, तर दिवा लावू नका; आधी हवा खेळू द्या, मग वॉशर तपासा.