मे महिन्यात नागपूर ते अकोला: मोटारसायकल काढण्याआधी

विदर्भात मे महिन्यात लांबच्या गावी बाईकनं कुणी हौसेनं जात नाही. नात्यातलं लग्न असतं, कुणाचं दुखणं निघतं, कागदपत्रांचं काम अडलेलं असतं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, मूर्तिजापूर हाच रस्ता. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पारा ४५ च्या आसपास असताना निघायचं, तर तयारी आदल्या दिवशीच झाली पाहिजे.

आधी वेळ पक्की करा. पहाटे साडेचारला निघालात, तर साठ-पासष्टच्या वेगानं, थांबत थांबत, दहापर्यंत अकोल्यात पोचता. निघायलाच उशीर झाला तर अमरावतीत मुक्काम टाका आणि संध्याकाळी सहानंतर पुढे व्हा. चार वाजले म्हणजे ऊन उतरलं, असं समजून निघू नका. पारा बहुधा तीन-चारच्या सुमारासच सगळ्यात वर असतो, आणि तापलेला रस्ता त्यानंतरही बराच वेळ आच सोडतो. आणखी एक गोष्ट धरून चाला: जाताना सकाळचं ऊन पाठीवर येतं, पण अकोल्याहून सकाळी परत निघालात की ते थेट डोळ्यांत येतं. व्हायझरवर ओरखडे असतील तर त्या उन्हात समोरचा ट्रकही नीट दिसत नाही. व्हायझर बदलायचा असेल तर निघण्यापूर्वीच बदला.

कपड्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नका, कारण खरी चूक तिथेच होते. गरम होतं म्हणून लोक अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालतात आणि वारा लागेल अशी आशा धरतात. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४५ ची झाली की तोच वारा उष्णता अंगात भरतो, आणि गाडी जितकी पळवाल तितकी जास्त भरतो. घाम येतो, पण आल्याआल्या उडतो. अंग कोरडंच वाटतं आणि शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. म्हणून अंग झाकायचं. पूर्ण बाह्यांचा फिकट सुती शर्ट, त्यावर असेल तर जाळीचं रायडिंग जॅकेट, हातमोजे, मोजे आणि बूट. आतली बनियन भिजवून, पिळून घाला. आपल्याकडची हवा कोरडी आहे म्हणून कूलर चालतो, ओली बनियनही त्याच कारणानं काम करते. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय फारसा लागू पडत नाही. प्रत्येक थांब्यावर ती पुन्हा भिजवा.

डोक्याला आयएसआय मार्कचं पूर्ण हेल्मेट, आत पातळ सुती टोपी. नुसता दुपट्टा गुंडाळून हेल्मेट हँडलला अडकवणारे रस्त्यात दिसतील, त्यांचं अनुकरण नको. ओला दुपट्टा मानेभोवती जरूर घ्या, पण टोकं जॅकेटच्या आत खोचा. मागे बसलेल्या बाईची ओढणी किंवा पदर चाकात जाऊन झालेले अपघात सगळ्यांनी ऐकलेले आहेत; तिथे दोनदा बघा. लहान मुलाला मात्र या दिवसांत बाईकवर नेऊच नका. त्याला एसटीनं पाठवा.

गाडीच्या टायरची हवा आदल्या संध्याकाळी टायर थंड असताना तपासा आणि कंपनीनं सांगितलीय तेवढीच भरा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा सल्ला उलटा आहे: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्यानंच आणखी तापतो. वाटेत टायर गरम असताना हवा सोडू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘१८१९’ म्हणजे २०१९ सालच्या अठराव्या आठवड्यातला टायर. रबर जुनं होऊन बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी शिल्लक असली तरी तो बदला. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघा. रेडिएटर असेल तर कूलंटही बघा, मात्र इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. चेनला तेल, ब्रेक, बॅटरी, हे नेहमीचंच. टाकी फुल केली की उन्हात स्फोट होतो, हा दर उन्हाळ्यात फिरणारा निरोप खोटा आहे, इंडियन ऑइलनंही तसं स्पष्ट केलं आहे. फक्त तोंडापर्यंत ठासून भरायला सांगू नका.

पाणी माणशी किमान दोन लिटर, आणि ओआरएसच्या पुड्या. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. कैरीचं पन्हं घेतलंत तर उत्तम. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी करू नका. तहान लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला थांबून प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पिणं कमी पडतंय. बीपीची, विशेषतः लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. इन्सुलिन डिकीत ठेवू नका. मोबाइल हँडलवर उन्हात लावला तर तापून बंद पडतो, तो पिशवीत बरा.

चौपदरी रस्त्याच्या कडेला सावली फार थोडी उरली आहे, म्हणून थांबे आधीच ठरवा: पेट्रोल पंप, ढाबा, एसटी स्टँड. वितळलेलं डांबर काळं चकाकतं, त्यावर ब्रेक मारू नका. थांबताना साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर स्टँड डांबरात रुतून गाडी आडवी होते.

डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ यांतलं काहीही जाणवलं की तिथेच सावलीत थांबा. मागचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ किंवा गार कापड ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, तापाची गोळीही देऊ नका. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.