क्षयरोगाच्या औषधांचा डोस संगणकावर ठरवताना या चुका टाळा

क्षयरुग्णाचे वजन, वय, मधुमेह आणि रक्तातील औषधाची पातळी यांवरून त्याच्यापुरता डोस सुचवणारी संगणकीय मॉडेल्स वापरात येऊ लागली आहेत. त्यांचा आकडा चुकतो तेव्हा दोष बहुधा गणिताचा नसतो, केसपेपरवरून भरलेल्या माहितीचा असतो.

सर्वांत महागात पडते ती वेळेची चूक. रिकाम्या पोटी घेतलेले रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे औषध साधारण २ तासांनी रक्तात सर्वोच्च पातळी गाठते आणि ती लिटरमागे किमान ८ मिलिग्रॅम असावी, असे मानतात. गगनबावड्याचा रुग्ण सकाळी ६ वाजता गोळ्या घेऊन एसटीने कोल्हापूरला येतो, रक्त १० वाजता काढले जाते आणि अर्जावर मात्र सवयीने ‘गोळ्या ८ वाजता’ असे लिहिले जाते. या औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, २ ते ३ तासांचे असल्याने उतरणीला लागलेली पातळीच मॉडेल सर्वोच्च समजते आणि रुग्णाचे शरीर औषध फार झपाट्याने बाहेर टाकते, असे गृहीत धरून नको तेवढा डोस सुचवते. म्हणून शक्य असेल तर गोळ्या समोरच द्याव्यात.

गोळ्यांआधी पोटात काय गेले, हेही विचारावे. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन आलेल्या माणसाला ‘उपाशी आहात का?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी दूध म्हणजे जेवण नव्हे! स्निग्ध पदार्थांमुळे औषध उशिरा शोषले जाते. त्यासाठी गोळ्यांनंतर ६ तासांनी दुसरा नमुना घ्यावा. तो २ तासांच्या नमुन्यापेक्षा वरचढ निघाला तर शोषण केवळ लांबले आहे, दोन्ही कमी असतील तर औषध खरोखरच अपुरे पडते आहे.

पहिल्याच आठवड्यातील पातळीवर विसंबू नये. रिफाम्पिसिन शरीरातून स्वतःचाच निचरा वाढवत नेते, त्यामुळे सुरुवातीला पुरेशी वाटणारी पातळी पुढे घसरते. वजनही ताजे हवे. ४६ किलोचा रुग्ण उपचाराने ५२ किलोवर गेला, तर राष्ट्रीय कार्यक्रमाच्या वजनगटानुसारच रोजच्या ३ गोळ्यांच्या ४ होतात.

अखेरची अडचण गोळीचीच आहे. मॉडेल केवळ आयसोनियाझिड हे एक औषध वाढवायला सांगते, परंतु एकत्रित गोळीत क्षयरोगाची चारही औषधे ठरलेल्या प्रमाणात असल्याने गोळी वाढवली की पायराझिनामाइडही वाढते आणि यकृतावरचा धोकाही. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आयसोनियाझिडची सुटी गोळी जोडण्याचा विचार करावा; रुग्णाने मात्र आपल्या मनाने एकही गोळी कमी-जास्त करू नये.