लाकडी बारूददाणी घडवताना या चुका टाळा

ठासणीच्या बंदुकीची दारू कोरडी राहावी आणि ठिणगीपासून दूर राहावी, एवढ्यासाठीच बारूददाणी असते. १६व्या-१७व्या शतकांत जर्मन कारागिरांनी लाकूड चरकावर (लेथवर) कातून घडवलेल्या आणि हाडाच्या जडावाने सजवलेल्या चपट्या, गोल बारूददाण्यांची प्रतिकृती करताना बहुतेकांचा सगळा जीव त्या जडावात गुंततो. बिघाड मात्र त्याच्या खूप आधी, लाकूड निवडताना आणि जोडताना झालेला असतो.

पहिली चूक म्हणजे न मुरलेले लाकूड घेणे. लाकूड रेषांच्या (तंतूंच्या) लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण आडव्या दिशेने बरेच आकसते. त्यामुळे ओल्या लाकडातून कातलेली गोल दाणी काही महिन्यांत लंबगोल होते आणि सांध्यावर उघडते. ओबडधोबड कातलेला तुकडा दर आठवड्याला तोलावा आणि वजन स्थिर झाल्यावरच त्याला अंतिम आकार द्यावा. गाभ्याचा मध्यबिंदू तुकड्यात राहू देऊ नये, कारण तडा तिथूनच सुरू होतो. युरोपात अक्रोड वापरत. आपल्याकडे बारीक रेषांचा हेद किंवा आकार फारसा न बदलणारा शिवण या कामाला चांगला. सागवान वापरायचेच असेल, तर त्यातील तेलामुळे सांधा नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावा.

त्याहून महागात पडणारी चूक दोन अर्धे जोडताना होते. पोकळ केलेल्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून चिकटवताना एकीच्या रेषा उभ्या आणि दुसरीच्या आडव्या राहिल्या, तर पावसाळ्यात दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी फुगतात आणि कितीही चांगला सरस असला तरी सांधा सुटतो. म्हणून दोन्ही अर्धे शक्यतो एकाच फळीतून, शेजारीशेजारी कापून घ्यावेत आणि रेषांची दिशा पेन्सिलीने खूण करून जुळवावी. उघडलेल्या सांध्यात भुसा आणि सरस भरणे ही दुरुस्ती नव्हे. सांधा बारीक करवतीने पूर्ण मोकळा करून, सपाट करून, पुन्हा चिकटवावा.

इंग्लंडच्या न्यू मॉडेल आर्मीने (यादवी युद्धातील संसदेच्या सैन्याने) १६४५-४६च्या सुमारास केलेल्या खरेदीच्या करारात, एकेका बारापुरती दारू ठेवून पट्ट्याला लटकवायच्या लाकडी नळकांड्यांचा तळ अखंड असावा आणि आतली पोकळी गिरमिटाने न पाडता कातून काढलेली असावी, अशी अट होती. काम करणाऱ्याला तिचे कारण लगेच उमगते. गिरमिट तळाशी खोल टोक सोडते आणि रेषा उचकटते. आरपार भोक पाडून खाली बूच बसवले, तर गळतीला आणखी एक जागा मिळते.

आतून जवसाचे तेल लावणे टाळावे, कारण बंद पोकळीत ते नीट सुकत नाही आणि दारू खराब करते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (शुद्ध लाखेचे) दोन-तीन पातळ हात, सांध्याची कड सोडून, जोडणीपूर्वी द्यावेत.

तोंडातून दारू अडकत असेल, तर बहुधा आतला उतार कमी असतो किंवा सरसाचा थेंब राहिलेला असतो. याची चाचणी दारूने कधीही घेऊ नये, खसखस वापरावी. लाकडी बूच दमट हवेत फुगून बसते, म्हणून ते किंचित निमुळते ठेवावे. झडप, खिळे आणि स्क्रू पितळेचेच घ्यावेत.

ज्या दाणीत एकदा दारू भरली गेली, तिच्यावर भोक पाडणे, घासणे किंवा तापवणे धोक्याचे आहे. जुन्या, वारशाने मिळालेल्या दाण्यांत आजही जिवंत दारू सापडते. स्वतः बनवलेली दाणी दुरुस्तीपूर्वी पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी, म्हणजे दारूतील सोरा विरघळून जातो, आणि मगच वाळवून हत्यार लावावे. भारतात दारू आणि बंदूक दोन्हींसाठी परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटची चूक वापरणाऱ्याची, पण तिला निमंत्रण कारागीर देतो: दाणीचे तोंड लांब करून थेट नळीत दारू ओतण्याची सोय करणे. आधीच्या बारातील निखारा नळीत उरला असेल, तर हातातील अख्खी दाणी पेटते. म्हणून दाणीसोबत एका बारापुरते वेगळे माप कातून द्यावे आणि ते तिच्याच दोरीला बांधावे.