खाजनांच्या सपाट रस्त्यांवर रोड सायकल चालवताना

पणजीत नवी रोड सायकल घेतलेला माणूस आल्तिन्यो आणि बांबोळीच्या चढांची धास्ती घेतो आणि रायबंदरहून करमळीकडे जाणारा सपाट रस्ता म्हणजे निव्वळ रपेट आहे असे समजून चालतो. सपाट रस्त्याचे कष्ट वेगळ्या जातीचे असतात. चढावर कितीही दम लागला तरी पुढे उतार येतो, तेवढा वेळ पाय थांबतात, पाठ मोकळी होते आणि पाण्याचा घोट घेता येतो. खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीतून, जाणाऱ्या रस्त्यावर पेडल थांबवले की वेग लगेच पडतो, त्यामुळे दीड-दोन तास पाय, मनगटे आणि पाठ यांना जवळजवळ एकाच स्थितीत राहावे लागते. शिवाय दोन्ही बाजूंना भातशेती आणि पाणी असल्याने वारा अडवायला काहीच नसते. म्हणून अशा फेरीची आखणी नकाशावरून करण्याआधी वाऱ्यावरून करावी.

शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे आणि मतलई वारे इथे थेट मांड्यांना कळतात. पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे साधारण पूर्वेकडून, हलका मतलई वारा असतो. ऊन चढू लागले की तो पडतो आणि दुपारकडे पश्चिमेचा खारा वारा सुटून जोर धरतो. करमळीच्या वाटेवरचे जुने गोवे पणजीहून पूर्वेला आहे. उजाडताना निघालात तर जाताना समोरचा वारा सौम्य असतो आणि पाय ताजे असतात. परतीला मात्र उशीर केलात तर दमलेल्या पायांनी खाऱ्या वाऱ्याला तोंड द्यावे लागते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला की त्याला ३५ च्या वेगाची हवा कापावी लागते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ दुप्पट होतो. अशा वेळी मीटरवरचा आकडा टिकवण्याचा हट्ट सोडून द्यावा, एक-दोन गिअर हलके करावेत आणि श्वास ज्या लयीत चालला होता तीच लय राखावी.

मिनिटाला पेडलचे ८० ते ९० फेरे ही बहुतेकांना मानवणारी गती आहे. जड गिअर रेटत राहिल्यास सपाटीवर सुरुवातीला वेग छान मिळतो, पण तासाभराने गुडघ्याच्या वरचा भाग भरून येतो. हात दर काही मिनिटांनी हलवावेत: कधी ब्रेकच्या मुठींवर, कधी हँडलच्या वरच्या सरळ भागावर आणि समोरून वारा असेल तेव्हा खालच्या वाकणावर. दर पंधरा मिनिटांनी सीटवरून उठून दहा-बारा पेडले उभ्याने मारली तर बैठकीला आराम मिळतो. चढावर हे आपोआप घडते, सपाटीवर आठवणीने करावे लागते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर हातमोज्यांना दोष देण्याआधी सीटचे टोक खाली झुकले आहे का ते पाहावे, कारण तसे असल्यास शरीराचा भार तळहातांवर येतो.

टायरच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: गोव्यातल्या गावरस्त्यांवर २५ मिलिमीटरपेक्षा २८ चे टायर बरे, आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ चे आणखी बरे. इथे डांबराच्या कडा पावसाळ्यात तुटतात, त्यांवर जांभ्याची तांबडी खडी पसरते आणि समोरून बस आली की सायकलवाल्याला नेमके त्याच कडेला सरकावे लागते. सत्तर किलो वजनाच्या माणसाने ट्यूब असलेल्या २८ च्या टायरमध्ये साधारण ६५ ते ७५ पीएसआय हवा ठेवावी; टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ही शिफारस नव्हे. सोबत दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायचे लिव्हर असावेत, कारण गावातल्या दुकानात पंक्चर काढून मिळाले तरी या मापाची ट्यूब मिळेलच असे नाही.

आता रस्ता. पणजीहून रायबंदरला जोडणारा कॉजवे १६३३-३४ च्या सुमारास बांधला गेला. तो सुमारे तीन किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या बाजूने खारफुटी व मिठागरे दिसतात. देखणा असला तरी तो अरुंद आहे आणि त्यावरून बसगाड्या धावतात. तिथे अगदी कडेला चिकटून चालवले की मागचा चालक उरलेल्या फटीतून गाडी घालू पाहतो, म्हणून कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत आणि एकामागे एक जावे. हिवाळ्यात मांडवीवर धुके उतरते, आणि ते विरळ झाल्यावर समोरून येणारा कोवळा सूर्य तुमच्याबरोबर मागच्या चालकाचेही डोळे दिपवतो. मागचा लाल दिवा त्यामुळे लख्ख उजेडातही चालू ठेवावा.

रायबंदरमधून जाताना पहाटेच्या पोदेरापासून, म्हणजे पाववाल्यापासून, अंतर राखावे. मागे पावाची मोठी टोपली बांधलेली त्याची सायकल संथ जाते, पण भोंगा वाजवत तो कोणत्या घरासमोर थांबेल याचा नेम नसतो, आणि टोपलीच्या वजनामुळे त्याला झटकन बाजूला होता येत नाही. चुकवायचे ते आपण चुकवावे.

जुन्या गोव्यात गांधी सर्कलपाशी पणजी-फोंडा महामार्गाची वाहतूक भेटते, तेवढा टप्पा घाई न करता ओलांडला की दोन-तीन किलोमीटरवर करमळीचे तळे लागते. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापूर्वीचे (सणापूर्वीचे) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होतात आणि फेस्त ३ डिसेंबरला असते. त्या दिवसांत जुने गोवे भाविकांनी पहाटेपासून भरलेले असते, तेव्हा ही फेरी सरळ पुढे ढकलावी. पणजीहून तळ्यापर्यंत जाऊन परतले की सुमारे २५ किलोमीटर होतात. दम असेल तर आजोशी, मंडूर करत नेवऱ्यापर्यंत जावे म्हणजे चाळीसच्या आसपास पडतात. वाड्या टेकडीच्या पायथ्याशी आणि शेते खाली असल्यामुळे मधे लहान चढ येतात, पण ते पायांना बदल म्हणून हवेसेच वाटतात.

तळ्याकाठी थांबणार असाल तर सायकल रस्त्याच्या कडेलाच लावावी. हिवाळ्यात तिथे अडई बदकांचे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी दिसतात, आणि ते माणसाच्या आवाजापेक्षा त्याच्या अचानक हालचालीने अधिक बिचकतात. खाजनांतल्या बांधांवर मात्र रोड सायकल घालू नये. हे बांध खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीने बांधलेले असतात, त्यांतल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, लाकडी दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात. अशा बांधाची कड चाकाने ढासळली तर नुकसान शेतकऱ्याचे होते. आजोशीच्या बाजूला कुंभारजुवे कालव्याच्या पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोहही टाळावा, तिथे मगरी आहेत.

सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि वायंगणाची, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या भाताची, उन्हाळ्याच्या तोंडाला. तेव्हा रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेले असते, त्यावरून चाक नेऊ नये, आणि सांडलेल्या पेंढ्यावरूनही जाऊ नये, कारण त्याची काडी मागच्या गिअरमध्ये गुंतली की चेन अडकते. ऐन पावसाळ्यात नैऋत्येचे झोत आणि पाण्याखाली दडलेले खड्डे यांमुळे रोड सायकलला हे रस्ते सोयीचे नसतात.

वाहतूक नको असेल त्याने मांडवीतल्या दिवाडी बेटावर जावे. नवख्याला मी हाच पर्याय आधी सुचवेन. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरले की फेरीबोटीचा धक्का आहे, आणि पलीकडे पिएदाद गावाकडे जाणारा रस्ता खाजनातून जातो. फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर पाणी, वंगण आणि ओहोटीच्या वेळी खालच्या उतारावर शेवाळ असते. तळाला पेडलमध्ये अडकवायची क्लीट असलेले बूट घातलेला माणूस तिथे हमखास घसरतो, त्यामुळे सायकल हातात धरून, गाड्या आधी जाऊ देऊन, पाऊल पूर्ण टेकवत चढावे. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फेरीबोटीने नार्व्याला, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेल्या सप्तकोटेश्वर मंदिराकडे जाता येते, पण पुढची डिचोली तालुक्याची भूमी सपाट राहत नाही.

दक्षिणेकडे राहणाऱ्यांना मडगावहून कुडतरी जवळ आहे. साष्टी तालुक्याचे धान्याचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात तळी आणि भातशेते एकमेकांना लागून आहेत. त्याहून लांब, कुडचड्याजवळचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. पावसाळ्यात त्याचे पाणी सोडून तिथे भात लावतात आणि नंतर पाणी पुन्हा अडवतात, म्हणून भरलेले तळे पाहायचे असेल तर हिवाळ्यात जावे.

घाम वाळत नाही अशा दमट हवेत तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, आणि दीड तासापुढच्या फेरीत एका बाटलीत चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत असावे. परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने हलकेच पुसून घ्यावी, कारण मिठागरांवरून येणारी हवा आणि अंगावरून ठिबकलेला घाम दोन्ही खारट असतात. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधले ग्रीस निघते, म्हणून पाइप लावू नये. चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा, पाचएक मिनिटांनी वरचे जास्तीचे तेल टिपून घ्यावे, आणि हँडलच्या टेपखाली घाम मुरतो तिथली टेप दर पावसाळ्याआधी उकलून आतली नळी गंजली आहे का ते पाहावे.