न्यूट्रल, अर्थिंग आणि वळीव: घरातली उपकरणं जळू नयेत म्हणून

एप्रिल-मे महिन्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पट्ट्यात दुपार कलली की आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, लाईट दोन-तीनदा फडफडते आणि जाते. परत येते तेव्हा टीव्ही, फ्रिजचं कार्ड किंवा वायफायचा राउटर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. मग ‘वीज पडली’ म्हणून विषय मिटतो आणि दुकानातून एक स्पाइक गार्ड येतो. वीज पडून जळणं आणि खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची तार, तुटून जळणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. वरून नुकसान सारखंच दिसतं, पण एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

विजेचा कडाका किंवा लाईनवरच्या स्विचिंगने येणारी लाट काही मायक्रोसेकंद टिकते, पण त्यात हजारो व्होल्ट असतात. त्यासाठी सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे एसपीडी लागतं. न्यूट्रल तुटला की 300 ते 400 व्होल्ट येतात आणि ते मिनिटंच काय, तासभरही राहू शकतात. तिथे व्होल्टेज कट-ऑफ लागतो. संध्याकाळी 180 आणि मध्यरात्री 255 अशी रोजची ओढाताण असेल तर स्टॅबिलायझर लागतो. न्यूट्रल गेल्यावर नुसतं एसपीडी असेल तर ते स्वतःच तापून जळतं. स्टॅबिलायझरचा रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात, तोवर विजेची लाट आत जाऊन तिचं काम संपलेलं असतं.

न्यूट्रल तुटतो तेव्हा

गावातल्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. तुमचं घर एका फेजवर, शेजारचं दुसऱ्या फेजवर, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. वाऱ्याने फांदी पडली, झंपर (खांबावरची जोडतार) जळाला किंवा डीपीतला न्यूट्रलचा नटबोल्ट ढिला झाला, की दोन फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यावर मिळून 400 व्होल्ट पडतात. ही वाटणी निम्मी-निम्मी होत नाही. समजा एका घरात 2000 वॅटचा गिझर चालू आहे आणि दुसऱ्यात फक्त 100 वॅटचा टीव्ही. गिझरचा रोध सुमारे 26 ओहम, टीव्हीचा 529. हिशेब केला तर गिझरच्या घराला 19 व्होल्ट मिळतात आणि टीव्हीच्या घराला 381. ज्याच्या घरी कमी उपकरणं चालू, त्याचंच जास्त जळतं. रात्री सगळं बंद करून नुसता राउटर आणि मोबाइलचा चार्जर चालू ठेवणाऱ्याला याचा फटका बसतो तो यामुळेच.

लक्षणं ओळखता येतात. बल्ब एकदम पांढरे प्रखर होतात, पंखा आवाज करत सुसाट फिरतो, आणि त्याच वेळी शेजारच्या घरात दिवे मिणमिणतात. घरात तीन फेजचं कनेक्शन असेल तर एका खोलीत प्रखर आणि दुसऱ्या खोलीत मंद असं दिसतं. हे दिसलं की कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच पाडा. मग 1912 ला कळवा आणि वायरमनने न्यूट्रल जोडेपर्यंत मेन पडलेलाच राहू द्या.

माणूस घरी नसताना हे काम ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे वर सांगितलेला व्होल्टेज कट-ऑफ, करतो. एमसीबीच्याच (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) पट्टीवर बसणारं, आकडा दाखवणारं, 40 किंवा 63 अँपिअरचं मॉडेल घ्या. त्याचं अँपिअर मेन एमसीबीपेक्षा जास्त असावं. घाईत 32 च्या मेनमागे 25 चा प्रोटेक्टर बसवला तर त्याचे संपर्क तापून चिकटतात आणि गरजेच्या वेळी तो तोडतच नाही. सेटिंग असं ठेवा: वरची मर्यादा 265 ते 270, खालची 170 ते 180, परत जोडण्याचा विलंब 180 सेकंद. विलंब बऱ्याचदा कारखान्यातून 30 सेकंदांवर येतो. तो वाढवायलाच हवा, कारण फ्रिज किंवा एसीचा कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब उतरायला तीनेक मिनिटं लागतात आणि त्याआधी लाईट आली तर तो अडकून तापतो. वरची मर्यादा 250 वर आणायचा मोह टाळा. पुरवठ्याची सर्वसाधारण मर्यादा 207 ते 253 व्होल्ट आहे, आणि शेतीपंप व घरं एकाच डीपीवर असतील तिथे पंप बंद झाले की आकडा 255-260 ला सहज जातो. मग रोज रात्री घर अंधारात जाईल आणि शेवटी कुणीतरी वैतागून प्रोटेक्टर बायपास करेल.

घरासाठी एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर एसपीडीआधी हाच घ्या.

अर्थिंग नसेल तर एसपीडी शोभेची वस्तू

एसपीडी वीज गिळत नाही, ती जमिनीत वळवतं. जमिनीकडे वाटच नसेल तर वळवणार कुठे? म्हणून आधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटरने सॉकेटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मापं घ्या. पहिली दोन जवळपास सारखी यावीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरं माप पाचाच्या वर सतत राहत असेल तर न्यूट्रल किंवा अर्थिंग यांपैकी एक ढिलं आहे. फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून बघण्याची पद्धत सर्रास चालते, पण तिच्यावर विसंबू नका. तो बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी ओढतो. अर्थिंगचा रोध 40 ओहम असला तरी व्होल्टेज सतरा-अठरानेच उतरतं आणि बल्ब छान उजळतो. खरं माप अर्थ टेस्टरनेच मिळतं. घरासाठी 5 ओहमच्या आत आलं तर उत्तम.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत, म्हणजे पलूस, वाळवा, मिरज, कराडकडे, ओल टिकते आणि रोध कमी येतो. पण तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते, नेमकी वळवाच्या तोंडावर. माण-जतकडे मुरूम आणि खाली काळा पाषाण, तिथे ओलच नसते. दोन्हीकडे मार्चपासून पंधरवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात तीन-चार बादल्या पाणी घालणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

नवं अर्थिंग करायचं तर 40 मिलिमीटर व्यासाचा, निदान अडीच मीटर लांब, भोकं पाडलेला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पाइप घ्या. खड्डा भिंतीपासून दीड मीटर दूर असावा. पाइपभोवती कोळसा आणि मिठाचे थर द्या, वर पाणी घालायला जाळीचं नरसाळं आणि झाकणाचं चेंबर करा. मिठाने रोध उतरतो, पण पाइपही कुजतो, त्यामुळे काही वर्षांनी तो खालून संपलेला असतो आणि वरून कळत नाही. खडकात खोल खणणं जमत नसेल तर चार-पाच इंची बोअर पाडून तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि बेंटोनाइट नावाची चिकणमाती भरा. बेंटोनाइट ओल धरून ठेवतो आणि धातू खात नाही. एका खड्ड्याने रोध उतरला नाही तर दुसरा खड्डा पहिल्यापासून पाच मीटरवर घेऊन दोन्ही एकमेकांना जोडा. वर आणायची तार 8 गेजची जीआय किंवा 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची. सांधे लग आणि नटबोल्टने घट्ट करा, नुसता पीळ मारलेला सांधा पहिल्याच पावसाळ्यात गंजतो.

‘टीव्हीला वेगळं अर्थिंग करून देतो’ असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. जवळ वीज पडली की दोन वेगळ्या खड्ड्यांच्या मातीत काही हजार व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या टीव्हीमधूनच वाट काढतो. घरातलं प्रत्येक अर्थिंग एकाच पट्टीवर यायला हवं. अर्थिंग चांगलं येत नाही म्हणून बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणं तर त्याहून वाईट. बाहेर न्यूट्रल तुटला त्या क्षणी फ्रिजच्या पत्र्यात करंट येतो.

एसपीडी निवडणं आणि बसवणं

साध्या घराला टाइप 2 पुरतं. गच्चीवर लायटनिंग अरेस्टर, म्हणजे वीज झेलून जमिनीत नेणारी सळई, असेल तर टाइप 1 अधिक 2 घ्यावं लागतं, कारण मग विजेच्या प्रवाहाचा मोठा वाटा घरच्या अर्थिंगमधूनच जातो. लेबलवर पाहायच्या गोष्टी अशा: नॉमिनल डिस्चार्ज करंट 20 किलोअँपिअर, मॅक्सिमम 40, प्रोटेक्शन लेव्हल दीड किलोव्होल्ट किंवा कमी, आणि सततचं कमाल व्होल्टेज 320. शेवटचा आकडा महत्त्वाचा. 275 वालं एसपीडी शहरात चालतं, पण रात्री व्होल्टेज चढणाऱ्या गावात त्यातला व्हॅरिस्टर, म्हणजे लाट वळवणारा भाग, रोज थोडाथोडा शिजत राहतो. सिंगल फेजला 1+1, थ्री फेजला 3+1 जोडणीचं मागा. त्यात न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये गॅसची नळी असते, त्यामुळे एरवी अर्थमध्ये गळती होत नाही.

क्रम असा: मीटरनंतर मेन एमसीबी, तिथेच समांतर एसपीडी, मग 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईट तोडणारी), मग व्होल्टेज प्रोटेक्टर, मग खोल्यांच्या एमसीबी. प्रोटेक्टरमध्येही नाजूक सर्किट असतं, म्हणून एसपीडी त्याच्या आधी. एसपीडीच्या वाटेत त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या अँपिअरची वेगळी एमसीबी किंवा फ्यूज द्या.

सगळ्यांत जास्त चुका तारेच्या लांबीत होतात. फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून अर्धा मीटर, त्याहून जास्त नको. विजेच्या वेगाने चढणाऱ्या प्रवाहाला सरळ तारही अडवते, दर मीटरला अंदाजे 1000 व्होल्ट. दीड किलोव्होल्टचं एसपीडी दोन मीटर तारेने जोडलं तर पलीकडच्या उपकरणाला साडेतीन किलोव्होल्ट दिसतात, आणि बहुतेक घरगुती उपकरणं अडीचपर्यंतच तग धरतात. तार निदान 4 चौरस मिलिमीटर तांब्याची, सरळ, गुंडाळी न करता. बोर्डात देखणी वळणं घालणाऱ्या इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगून ठेवा. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या आणि मीटरच्या सीलला हात लावू देऊ नका.

एसपीडीवर हिरवी खिडकी असते. ती लाल झाली की आतलं काडतूस संपलं. घरात लाईट चालूच राहते, त्यामुळे खिडकी कुणी बघत नाही. प्रत्येक मोठ्या गडगडाटानंतर बोर्डाचं दार उघडून बघा.

चोरवाटा

मेनला सगळं केलं तरी वीज दुसरीकडून शिरते: डिश अँटेनाची केबल, गच्चीवरच्या सीसीटीव्हीच्या तारा, बोअरच्या मोटारीची केबल, शेजारच्या इमारतीतून आलेली लॅन वायर. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण त्या केबलला आधाराची लोखंडी तार असू शकते. ती भिंतीबाहेरच कापून हुकाला बांधायला सांगा. डिशची केबल जिथे घरात शिरते तिथे कोअॅक्सिअल अरेस्टर (अँटेनाच्या केबलसाठीचं एसपीडी) लावून त्याच मुख्य अर्थपट्टीला जोडा. टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि राउटर एकाच चांगल्या स्पाइक गार्डवर असू द्या. म्हणजे लाट आली तरी तिघांची पातळी एकत्रच वर जाईल. स्पाइक गार्ड घेताना त्यावर जूल किंवा किलोअँपिअरचा आकडा छापलेला आहे का ते पाहा. बाजारातले बरेच नुसते स्विच, इंडिकेटर आणि फ्यूज असलेले एक्स्टेन्शन बोर्ड असतात. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात जोडपिनेने बसवला की चांगल्या गार्डचाही उपयोग निम्म्यावर येतो.

इन्व्हर्टरमागे टीव्ही आहे म्हणजे तो सुरक्षित, हा समज चुकीचा. लाईट असते तेव्हा घरगुती इन्व्हर्टर आतल्या रिलेतून ती जशीच्या तशी पुढे देतो. मागे यूपीएस-इको असा स्विच असेल तर यूपीएसवर ठेवा, त्यात साधारण 180 ते 260 च्या बाहेर गेलं की तो बॅटरीवर जातो.

छतावर सोलर असेल तर पॅनलच्या बाजूला डीसीचंच एसपीडी हवं. एसीचं लावलं तर डीसीमधली ठिणगी विझत नाही आणि बॉक्स पेटू शकतो.

आभाळ कडाडायला लागलं तर स्विच बंद करून भागत नाही. स्विचमधली फट काही मिलिमीटरची असते, वीज ती सहज ओलांडते. प्लग काढा, डिशची केबल सोडा, आणि हे गडगडाट डोक्यावर येण्याआधी करा. चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा तारांना हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आजूबाजूच्या विजांची सूचना देतं, शेतात असणाऱ्यांनी तर ते ठेवावंच.

आणि तरीही जळलं, तर आसपासच्या किती घरांत काय जळलं ते त्याच दिवशी लिहून काढा. एकाच फेजवरची घरं एकदम गेली असतील तर न्यूट्रलचा संशय घ्या. ग्राहक क्रमांक, वेळ, मीटरवर किंवा प्रोटेक्टरवर दिसलेल्या व्होल्टेजचा फोटो आणि दुरुस्तीवाल्याची लेखी नोंद जोडून महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. जळालेलं कार्ड भंगारात टाकू नका, अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते पिशवीत घालून ठेवा.