जुनी गाडी किंचाळते? दोष कुठे आहे हे असे शोधा

पावसाळ्यात सकाळी ७ वाजता आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एखादी तरी गाडी किंचाळतेच. खालच्या पार्किंगमध्ये आवाज घुमतो, वरचे काका गॅलरीत येतात आणि दोन मिनिटांत सगळं शांत. संध्याकाळी मेकॅनिककडे न्यावी तर गाडीने मौनव्रत धरलेलं. मग ठरलेलं वाक्य येतं, ‘बेल्ट बदल देते हैं.’ बेल्ट म्हणजे इंजिनच्या जोरावर डायनामो, एसी वगैरे फिरवणारा रबरी पट्टा. माझ्या १५ वर्षांच्या गाडीचा बेल्ट असा दोनदा बदलला गेला. दोष निघाला डायनामोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या, बेअरिंगमध्ये.

म्हणून बोनेट उघडण्याआधी चार दिवस फक्त टिपून ठेवा. आवाज कुठून येतो ते राहू द्या, कधी येतो ते लिहा. थंड इंजिन चालू करताना? एसी लावल्याबरोबर? क्लच दाबल्यावर? ब्रेकवर? गाडी उभी असताना रेस दिल्यावर आवाज वाढत असेल तर मामला इंजिनाजवळचा. उभी असताना चिडीचूप आणि चाकं फिरायला लागली की सुरू, असं असेल तर चाकांकडे बघायचं.

सकाळचीच किंचाळी बहुतेक वेळा बेल्टची असते, आणि त्याला कारण आहे. स्टार्टर बॅटरीतला बराच करंट ओढतो, तो भरून काढायला डायनामोवर लगेच ताण येतो. त्यात दमट हवा, वायपर, हेडलाइट, एसी. बेल्ट थोडा जरी सैल असला तरी पुलीवरून, म्हणजे तो ज्या चाकावर फिरतो त्यावरून, घसरतो आणि ओरडतो. हे तपासायला गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि हेडलाइट, ब्लोअर, एसी एकेक करून लावा. एकदम सगळं लावलंत तर काही कळणार नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर ते क्षणभर टोकापर्यंत वळवून पाहा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला बेल्ट नसतो, ही पायरी सोडा.

आता पाण्याची परीक्षा. इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली घ्या आणि चालू इंजिनच्या बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून थोडासा फवारा मारा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा ताण देणारा टेन्शनर थकलाय. आवाज थांबून थोड्या वेळाने परत आला तर पुल्या एका रेषेत नसाव्यात. काहीच फरक पडला नाही, तर बेल्टला दोष देणं बंद करा. हे करताना ओढणी, सैल बाही, मोकळे केस, घड्याळ, काही म्हणजे काही बेल्टजवळ नको. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, हे विसरू नका.

इंजिन बंद करून, किल्ली काढून बेल्ट नीट बघा: काचेसारखी चकाकी, सुटलेले धागे, तेलाचे डाग. हल्लीच्या रबराला झिजूनही चिरा पडत नाहीत, म्हणून ‘चिरा नाहीत’ एवढ्यावर बेल्टला पास करू नका. हाताने ताणायचा बेल्ट असेल तर दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण १० मिमी दबला पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. साबण किंवा मेणबत्ती घासायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने आवाज दोन दिवस दबतो आणि बेल्ट अजून घसरतो.

पाण्याने फरक पडला नाही तर संशय बेअरिंगवर. गेल्या पावसात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली होती का, आठवून पाहा. गढूळ पाणी शिरलं की ग्रीस धुपतं आणि ओरड काही आठवड्यांनी सुरू होते. मेकॅनिकला बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवायला सांगा, खराब बेअरिंग बोटांनाच खरखर कळवतं. वॉटर पंपाखाली कूलंटचे ओघळ दिसले तर मात्र वाट पाहू नका, इंजिन तापून बसेल. नुसतं बेअरिंग गेलं असेल तर अख्खा डायनामो बदलायची घाई नको. तोच संपलेला असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना मिळतो, पण तिथून वापरलेला बेल्ट आणू नका.

चाकांकडचा आवाज वेगळा. रात्रभर पावसात राहिलेल्या डिस्कवर गंज धरतो, पहिल्या चार ब्रेकांत तो जातो. रोज, दिवसभर बारीक चिरका आवाज येत असेल तर ब्रेक पॅड संपत आलेत. काही पॅडना त्यासाठीच पत्र्याची जीभ असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासते. त्याच आठवड्यात बदला. क्लच दाबल्यावरच ओरड असेल तर रिलीज बेअरिंग, आणि फक्त गतिरोधकावर कुरकुर होत असेल तर सस्पेन्शनचे रबर बुश.

गॅरेजला जाताना आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या आणि गाडी आदल्या रात्रीच तिथे सोडा. मेकॅनिकला सांगा, सकाळी मी येईपर्यंत चावी लावू नका, थंड इंजिनचाच आवाज ऐकायचाय.