बेल वाजली की पाहुण्यांवर झेपावणाऱ्या कुत्र्याला नीट भेटायला कसं शिकवावं

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायला कुत्र्याला बहुतेक वेळा आपणच शिकवलेलं असतं. दोन महिन्यांचं पिल्लू पायावर चढलं की आपण कौतुकाने उचलून घेतो. वर्षभरात त्याच पिल्लाचं तीस किलोचं लॅब्रेडॉर होतं, ते आजींच्या साडीवर पंजे टेकतं आणि मग घरभर आरडाओरडा सुरू होतो. कुत्र्याच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. कुत्री एकमेकांना तोंड हुंगून, चाटून भेटतात. माणसाचं तोंड उंचावर असतं, म्हणून उडी मारावी लागते, एवढंच.

अशा वेळी आपण ढकलतो, "नो! नो!" म्हणून ओरडतो. ढकलण्यात त्याला स्पर्श मिळतो आणि ओरडण्यात आपलं लक्ष, आणि त्याला तेच हवं असतं. गुडघा मारा, पंजे दाबून धरा, मागच्या पायावर पाय द्या असं सांगणारे लोक अजूनही भेटतात. कृपा करून त्यांचं ऐकू नका. पाहुणे आले की आपल्याला दुखतं, एवढंच कुत्रा त्यातून शिकतो, आणि आज उड्या मारणारा उद्या गुरगुरायला लागतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. हे शिक्षण पाहुणे आल्यावर होत नाही, पाहुणे नसताना होतं. दारात माणूस उभा असताना कुत्र्याचं डोकं ठिकाणावर नसतं आणि आपलंही नसतं.

तयारी

उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर घ्या आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. यापेक्षा मोठे नकोत, कारण एका बैठकीत बरेच तुकडे लागतात. तेवढं जेवण त्याच्या ताटलीतून कमी करा. दाराजवळ, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, खाऊचा एक झाकणाचा डबा कायम ठेवा. शेजारी खिळ्याला लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, अडकवून ठेवा. त्याच्यासाठी एक जुनी सतरंजी किंवा जाड पायपुसणं निवडा आणि दारापासून सहा-आठ फुटांवर टाका, म्हणजे त्याला दार दिसेल पण येणाऱ्याच्या पायात तो येणार नाही. छोट्या फ्लॅटमध्ये हॉलचा कोपराही चालतो.

घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आई "बस" म्हणते, मुलगा "सिट" म्हणतो आणि बाबा "ए गप" म्हणतात अशा घरात कुत्रा गोंधळला तर त्याचा दोष नाही.

पहिली पायरी: चारही पाय जमिनीवर

सुरुवात घरच्यांपासून करा. संध्याकाळी कामावरून आलात आणि कुत्रा उडी मारायला लागला की हात अंगालगत ठेवा, बोलू नका, तोंड फिरवा. चारही पंजे फरशीला टेकले की लगेच, त्याच क्षणी, खाऊ द्या. खाऊ जमिनीवर ठेवा किंवा त्याच्या छातीच्या उंचीला धरा. आपल्या कमरेपाशी धरलेल्या तुकड्यासाठी कुत्रा वर येणारच, आणि मग आपण उडीलाच बक्षीस दिल्यासारखं होतं. खाताना त्याचं डोकं खाली असतं, तेव्हाच शांतपणे छातीवर हात फिरवा.

सुरुवातीचे काही दिवस उड्या कमी न होता वाढतील. आजवर चालत आलेला उपाय चालेनासा झाला की कुत्रा तोच उपाय आणखी जोराने करून बघतो. इथेच बरेच लोक कंटाळून सोडून देतात, आणि जोरात उडी मारली की जमतं हे त्याच्या पक्कं लक्षात राहतं. घरातल्या एकाने जरी "जाऊ दे गं, प्रेमाने करतोय" म्हणून त्याला अंगावर घेतलं तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. कधीतरी लागणाऱ्या लॉटरीचं तिकीट माणूस घेतच राहतो, तसा तो उड्या मारतच राहतो.

दुसरी पायरी: स्वतःची जागा

सतरंजीवर खाऊचा तुकडा टाका. कुत्रा त्यावर गेला की दुसरा टाका, बसला की तिसरा. हे सहज जमू लागलं की "जागेवर" हा शब्द जोडा. बैठक दोन-तीन मिनिटांचीच असू द्या, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. आमची चिकू सुरुवातीला मागचं अर्धं अंग सतरंजीवर आणि पुढचे पंजे फरशीवर ठेवून आमच्याकडे बघत बसायची. तेवढंही त्या टप्प्याला चालतं. पुढे पुढे चारही पाय आत आले तरच खाऊ द्यायचा.

मग दाराकडे एक पाऊल टाका आणि लगेच परत येऊन खाऊ द्या. पुढे दोन पावलं. कडीला हात लावा, परत या. दार इंचभर उघडा, बंद करा, परत या. तो उठला तर ओरडू नका, आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे जा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं राहतं.

तिसरी पायरी: बेलचा अर्थ बदलणं

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना 1904 मध्ये नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण जगाला ते आठवतात ते त्यांच्या कुत्र्यांमुळे. मेट्रोनोमचा (ताल देणाऱ्या यंत्राचा) ठोका किंवा बझर ऐकला की, अन्न समोर येण्याआधीच, त्या कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आपल्या घरातली बेल रोज असंच काम करते. बेल म्हणजे दाराकडे धावायचं आणि भुंकायचं, हे जमलेलं असतं. तेच आपल्याला बदलायचं आहे: बेल म्हणजे सतरंजी.

आपल्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. अगदी हळू आवाजात वाजवा, मग "जागेवर" म्हणा आणि खाऊ सतरंजीवरच द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बेल, मग शब्द, मग खाऊ. आवाज थोडा थोडा वाढवत न्या. काही दिवसांनी शब्द उच्चारायच्या आधीच तो सतरंजीकडे वळू लागेल. मग घरातल्या एकाने बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची. एक-दोन वेळा भुंकणं मी चालवून घेते. कोणीतरी आलंय हे सांगणं कुत्र्याच्या रक्तातच आहे, ते पूर्ण बंद करण्याचा अट्टहास नको.

चौथी पायरी: ठरवून आलेला पाहुणा

आता शेजारची एखादी मैत्रीण, कुत्र्यांना न घाबरणारी आणि सांगितलेलं ऐकणारी, मदतीला घ्या. तिला आधीच फोनवर सांगून ठेवा: आत आल्यावर कुत्र्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, सरळ येऊन खुर्चीत बसायचं. कुत्र्याला लीश लावलेली हवी आणि लीश धरायला दुसरं माणूस हवं, कारण दार उघडणारा आणि कुत्रा सांभाळणारा एकच असला की दोन्ही कामं बिघडतात.

आपल्याकडे एक जागा फार नाजूक असते, ती म्हणजे चपला काढण्याची. पाहुणा उंबऱ्याशी एका पायावर उभा राहतो, बूट असतील तर नाडी सोडायला वाकतो. त्याचा तोल अर्धा गेलेला असतो आणि तोंड नेमकं कुत्र्याच्या उंचीला आलेलं असतं. कुत्र्याला यापेक्षा मोठं निमंत्रण नाही. म्हणून पाहुणा चपला काढून सरळ उभा राहीपर्यंत कुत्र्याने सतरंजी सोडायची नाही, आणि तेवढा वेळ लीश धरणाऱ्याने एकामागून एक तुकडे देत राहायचं. वयस्कर माणूस येणार असेल तर दाराशी एक स्टूल ठेवा.

पाहुणी बसली, कुत्र्याचा श्वास जरा हळू झाला, की "जा, भेट" म्हणून सैल लीशवर तिच्यापर्यंत न्या. दोन-तीन सेकंद हुंगू द्या आणि उत्साह चढायच्या आत परत बोलावून खाऊ द्या. तिने हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवावं. डोक्यावर वरून येणारा अनोळखी हात बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. त्याने उडी मारलीच तर तिने तोंड फिरवायचं आणि तुम्ही त्याला न रागावता दोन पावलं मागे न्यायचं. पाय टेकले की पुन्हा भेट. जवळ जायला मिळणं हेच त्याचं बक्षीस आहे.

घाबरणाऱ्या पाहुण्यापेक्षा "असू दे हो, आमच्याकडेही कुत्रा आहे" म्हणत उड्या झेलणारा पाहुणा जास्त अवघड असतो. त्याला हसून पण स्पष्ट सांगा, "तो शिकतोय, जरा मदत करा."

गर्दीचे दिवस

गणपतीत आरतीला एकदम वीस माणसं येतात, दिवाळीत बाहेर फटाके आणि आत फराळ. अशा दिवशी परीक्षा घेऊ नका. सकाळी लांब फेरी मारून आणा, आणि पहिली बेल वाजायच्या आधीच चघळायला काहीतरी देऊन पंखा सुरू असलेल्या आतल्या खोलीत ठेवा. पाहुण्यांना बजावून ठेवा की त्याला काही भरवायचं नाही. लाडवातले मनुके आणि द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, चॉकलेटही विषारी असतं.

सिलिंडर घेऊन येणारे, कुरिअरवाले, कामाच्या मावशी यांच्यावरही सराव करू नका. ते कामासाठी आलेले असतात. "काही करत नाही तो" या आपल्या वाक्याने त्यांची भीती जात नाही. दार उघडण्याआधी कुत्रा लीशला किंवा आतल्या खोलीत असायलाच हवा.

उडी आनंदाची नसेल तर

शेपूट पोटाखाली, कान मागे, वारंवार जांभई किंवा ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मागे सरकत भुंकणं: ही भीती आहे. अशा कुत्र्याला पाहुण्याच्या हातून खाऊ खायला लावू नका. लांबूनच खाऊ मिळू द्या, खोलीत परत जायची वाट मोकळी ठेवा. गुरगुरल्याबद्दल कधीच मारू नका. ती सूचना असते, आणि ती बंद केली तर पुढच्या वेळी न सांगता चावा बसतो. स्वभाव अचानक बदलला असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा, कान किंवा सांधे दुखत असले तरी कुत्रा असं वागतो. पाहुण्यासमोर पिल्लाची लघवी होत असेल तर त्याच्यावर वाकू नका आणि रागावूही नका. वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचं ते थांबतं.

लीश सोडायची घाई करू नका. वेगवेगळे पाहुणे, पुरुष, बायका, छत्री घेतलेले, हेल्मेट घातलेले, येऊन गेले आणि तो दर वेळी स्वतःहून सतरंजीवर गेला, की लीश हातातून सोडून फरशीवर लोळू द्या. तेही काही भेटींमध्ये नीट पार पडलं की मग काढा. खाऊ मात्र एकदम बंद करू नका. दर वेळी ऐवजी अधूनमधून द्या, आणि दाराजवळचा डबा भरलेलाच ठेवा.